मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि घड्याळाचा घोळ काय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ओळखीपाळखीतल्या आईवडिलांना अमेरिकेला धाडायचं काम गेल्या काही वर्षांत आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. कुणी लेकीच्या बाळंतपणाला निघालेलं असतं, कुणी नातवाच्या मुंजीला. तिकीट हातात पडलं की फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळे आकडे मुंबई–न्यूयॉर्कचे आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूरकरांनी प्रश्न १३ आधी वाचला तरी चालेल.

१. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर नक्की किती? प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो.

पृथ्वीच्या पाठीवरून जवळात जवळच्या वाटेने मोजलं तर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. कुणी १२,५३० म्हणेल, कुणी १२,५६०. पृथ्वी पूर्ण गोल धरली की ध्रुवांशी किंचित चपटी धरली, एवढ्याने वीस-तीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. मैलांत हे अंतर सुमारे ७,८०० आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे ६,७७०. बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. न्यूयॉर्कऐवजी शेजारच्या नेवार्कला उतरलात तर फरक पंधराएक किलोमीटरचा, म्हणजे दादर ते अंधेरी इतकासुद्धा जाणवणार नाही.

प्रत्यक्षात विमान यापेक्षा जास्तच उडतं. त्याची कारणं प्रश्न ४ आणि ७ मध्ये आहेत.

२. थेट विमानाला किती तास लागतात?

जाताना साधारण पंधरा ते सोळा तास, कधी त्याहून थोडे जास्त. येताना चौदा ते पंधरा. तिकिटावरचा वेळ मुंबईच्या गेटवरून विमान हललं तिथपासून न्यूयॉर्कच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीच्या रांगेतली वीस मिनिटं आणि उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या त्यातच आल्या.

अंदाज घरीही करता येतो. लांब पल्ल्याचं विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातं, म्हणजे साडेबारा हजारांना चौदा तास. त्यात चढणं-उतरणं, वाकडी वाट आणि समोरचा वारा मिळवा.

३. जाताना दीड-दोन तास जास्त का? पृथ्वी आपल्याखालून फिरते म्हणून का?

नाही. हे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने दिलं जातं की ऐकणाऱ्याला पटतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते हे खरं, पण तिच्यासोबत हवाही फिरते आणि विमान हवेत असतं. धावत्या एस्टीत जागच्या जागी उडी मारली म्हणून कुणी मागच्या सीटवर जाऊन पडत नाही. नाहीतर मुंबईवर नुसतं तरंगत राहायचं आणि अमेरिका खाली आली की उतरायचं, एवढंच काम उरलं असतं.

खरं कारण वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं जिथून जातात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो, कधी त्याच्याही वर जातो. जाताना हा वारा तोंडावर येतो आणि येताना पाठीवर. हिवाळ्यात त्याला जोर असतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीतलं जाणं सगळ्यात लांबतं.

पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण वळसा घेऊन: हे वारे पश्चिम-पूर्व वाहतात त्यात तिच्या फिरण्याचा वाटा आहे.

४. नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला आहे, मग पडद्यावर विमान उत्तरेला रशिया-आइसलँडकडे का वळतं?

शाळेतला पृथ्वीगोल आणि शिवणकामाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर आणून दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. कच्छवरून सिंधमध्ये जातो, मग कंदाहार, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेचा भाग, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं खालचं टोक आणि लॅब्राडोर करत वरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. मुंबईहून निघताना त्याची दिशा पश्चिम नसते, वायव्येच्याही वर, उत्तरेकडे झुकलेली असते. सगळ्यात वरच्या ठिकाणी तो ६४ अंश उत्तर अक्षांशाच्या पुढे जातो.

भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून मारलेली सरळ रेघ खरं तर लांबची आहे. त्या रेघेवरून उडायचं म्हटलं तर अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर होतं, म्हणजे सोळाशे-सतराशे किलोमीटर फुकट. गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना वरचे प्रदेश ताणले जातात. तिथली जवळची वाट मग आपल्याला कमानीसारखी दिसते.

एक खरं, की हा दोरा कागदावरचा आदर्श आहे. विमान रोज त्याच्यावरून जात नाही. वारा कुठे अनुकूल आहे आणि कुणाचं आकाश उघडं आहे हे बघून त्या दिवशीची वाट आखली जाते.

५. रात्री एकला निघून सकाळी सातला पोचतो असं तिकिटावर आहे. सहा तासांत?

सहा नव्हे, सोळा. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथे घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण काहीच करत नाही, म्हणून फरक बदलतो.

रात्री १ ला निघालात आणि सोळा तास लागले तर मुंबईत संध्याकाळचे ५ वाजलेले असतात. त्यातून साडेदहा वजा केले की न्यूयॉर्कला सकाळचे साडेसहा, उन्हाळ्यात साडेसात. तारीख तीच.

तोंडी हिशेबाची एक युक्ती सांगतो. आपल्या घड्याळात सकाळचं संध्याकाळ करा (किंवा उलट) आणि उन्हाळ्यात अडीच तास, हिवाळ्यात दीड तास मिळवा. आपल्याकडे रात्रीचे ८ म्हणजे तिकडे सकाळचे ८ अधिक अडीच, साडेदहा. माझ्या आईने यापेक्षा सोपा उपाय काढलाय: दोन मनगटांना दोन घड्याळं. डाव्या हाताला सून, उजव्या हाताला लेक.

६. तिकिटावर १५ तारीख आणि ००:५५ अशी वेळ आहे. विमानतळावर कधी जायचं?

१४ तारखेला रात्री. यादीतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका तो विचारायचा राहून जातो.

मुंबईहून अमेरिका-युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. बारा वाजून गेले की तारीख बदलते, पण आपल्या डोक्यात झोपून उठल्याशिवाय दिवस बदलत नाही. साताऱ्याकडचं एक ओळखीचं जोडपं १५ तारखेला रात्री नऊ वाजता विमानतळावर हजर झालं. चार बॅगा, त्यात डिंकाचे लाडू आणि मेतकूट, सोडायला दोन गाड्या. काउंटरवरच्या मुलीने तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, हे विमान काल रात्री गेलं." काका तिला कॅलेंडर दाखवत राहिले. आज १५ तारीखच आहे ना? होतीच. पण १५ तारखेचे पहाटेचे बारा पंचावन्न वीस तासांपूर्वी होऊन गेले होते.

तेव्हापासून मी कुणालाही विमानाची तारीख सांगत नाही. "मंगळवारी १४ तारखेला जेवून घरातून निघायचं" असं सांगतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात १४ च्या चौकोनात तेच लिहायला लावतो. काउंटर विमान सुटायच्या तासाभरापेक्षाही आधी बंद होतं. तीन-चार तास हाताशी ठेवा.

वेळेपुढे बारीक अक्षरात "+१" असेल तर ते विमान पुढच्या तारखेला पोचतं. मुंबईहून जाताना हे सहसा दिसत नाही, येताना मात्र हमखास दिसतं. न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघालात आणि साडेचौदा तास लागले तर हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत. न्यायला येणाऱ्या भाच्याला ही दुसरी तारीख सांगा.

७. पाकिस्तानचं आकाश बंद असलं की मुंबईच्या विमानाला किती फरक पडतो?

दिल्लीइतका नाही, पण पडतो. प्रश्न ४ मधला दोरा सिंधवरून जातो हे तुमच्या लक्षात आलं असेल. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत ते आकाश बंद होतं. मग पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना मनाई केली आणि ती मुदत एकेक महिन्याने वाढत राहिली. ही मनाई भारतीय कंपन्यांपुरती आहे. परदेशी कंपनीचं विमान तिथून जाऊ शकतं.

मुंबईचं विमान अशा वेळी अरबी समुद्रावरून ओमानकडे निघतं. मुंबई–मस्कत–इस्तंबूल–न्यूयॉर्क अशा तीन रेघा जोडून पाहिल्या तर बेरीज सुमारे १३,००० किलोमीटर येते, म्हणजे मूळ अंतरापेक्षा पाचशेच्या आत-बाहेर जास्त आणि वेळेत अर्धा-पाऊण तास. दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेला समुद्रापर्यंत यावं लागतं. म्हणून तिथली काही अमेरिकेची विमानं २०२५ मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी उतरत होती. इराण-इराककडचं आकाशही बंद झालं, तर मुंबईलाही सौदी आणि इजिप्तवरून आणखी मोठा वळसा पडतो.

रशियाचं उलट आहे. २०२२ पासून तिथलं आकाश अमेरिकी, कॅनेडियन, ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना नाही. नेवार्क–मुंबई अशी एका अमेरिकी कंपनीची थेट सेवा त्याच वर्षी मार्चमध्ये थांबली.

त्यामुळे "गेल्या वर्षी पंधरा तास लागले होते" हा पुरावा यंदा चालत नाही. निघायच्या आठवड्यात कंपनीच्या अॅपवर वेळ पुन्हा बघा.

८. दुबई किंवा लंडनमार्गे गेलं तर अंतर खूप वाढतं का?

अंतर फारसं नाही वाढत. वाढतो तो वेळ.

लंडनमार्गे: मुंबई–लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किलोमीटर. बेरीज १२,७५० च्या आसपास, थेटपेक्षा जेमतेम दोनशे जास्त. दुबईमार्गे: १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे सुमारे १२,९५०. दोहामार्गे १३,००० च्या थोडं पुढे. लंडन तर दोऱ्याच्या वाटेवरच असल्यासारखं आहे. मे १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ने न्यूयॉर्क सेवा सुरू केली ती लंडनमार्गेच. एअर इंडियाला कुठेही न उतरता मुंबई–न्यूयॉर्क जायला ऑगस्ट २००७ उजाडावा लागला.

तासांचा हिशेब वेगळा. मधल्या विमानतळावरचे तीन तास धरले तर एकूण वीस-बावीस होतात, आठ तास थांबायचं असेल तर पंचवीस ते सत्तावीस. माझं मत विचाराल तर साठीपुढच्यांना दुबई-दोहापेक्षा युरोपातला थांबा बरा, कारण प्रवास अर्ध्यावर मोडतो. आखातातून गेलं की आधी तीन तास, मग अर्धवट झोपेतून उठून चौदा तास. थांबा दीड तासाहून कमी असेल तर तसं तिकीट घेऊच नका. दोन वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडणंही नको, कारण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी हात वर करते.

९. मध्ये थांबा असला तर सामान आणि इमिग्रेशन कुठे?

एकाच तिकिटावर असाल तर सामान सहसा थेट पुढे जातं. इमिग्रेशन अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथे. शिकागोला उतरून पुढे न्यूयॉर्कला जाणार असाल तर शिकागोला बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात.

अपवाद अबुधाबीसारख्या काही मोजक्या विमानतळांचा. तिथे अमेरिकी अधिकारी विमानात चढण्याआधीच इमिग्रेशन उरकतात आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. नवखा माणूस मग तिकडे "शिक्का कुठे मारायचा" म्हणून खिडकी शोधत बसतो.

१०. "डायरेक्ट" आणि "नॉनस्टॉप" एकच ना?

बोलताना एकच, तिकिटावर नाही. नॉनस्टॉप म्हणजे मध्ये कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे विमानाचा नंबर तोच, पण वाटेत उतरू शकतं. तिकीट काढताना "स्टॉप्स" या रकान्यात शून्य आहे का ते बघा. प्रश्न ७ मधला व्हिएन्नासारखा इंधनाचा थांबा असेल तर प्रवासी बहुधा विमानातच बसून राहतात.

११. जेएफके, नेवार्क, लाग्वार्डिया: कुठे उतरावं?

मुलगा एडिसनला किंवा न्यू जर्सीत आसपास राहत असेल तर नेवार्क. तिथून घर अर्ध्या-पाऊण तासावर येतं. जेएफकेहून तेच अंतर पूल, टोल आणि गर्दी धरून दीड तास, कधी दोन. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला जायचं असेल तर जेएफके. लाग्वार्डियाला भारतातून थेट विमान येत नाही.

आपल्या बाजूलाही आता बघावं लागतं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झालाय. तिकिटावर बीओएम म्हणजे अंधेरीचा, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. टॅक्सीवाल्याला नुसतं "मुंबई एअरपोर्ट" म्हणू नका.

१२. विमानात दिवस कधी उगवतो? औषधं कोणत्या घड्याळाने घ्यायची?

हिवाळ्यात उगवतच नाही. डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. रात्री १ च्या विमानाने तुम्ही अंधाराबरोबर पश्चिमेला धावत राहता आणि न्यूयॉर्कला उतरता तेव्हाही उजाडलेलं नसतं. तिथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. मावळतीपासून उगवतीपर्यंत मोजलं तर सुमारे पावणेचोवीस तासांची एक रात्र. जूनमध्ये उलट होतं. वाट बरीच उत्तरेकडून असेल तर खिडकीच्या झडपेखाली तासन्‌तास पहाटेची तांबूस रेघ हलता हलत नाही.

म्हणून औषधांसाठी बाहेर बघू नका. मुंबईच्या वेळेचं एक घड्याळ तसंच ठेवा आणि प्रवासभर त्यावर चाला. तिथे पोचल्यावर वेळा कशा सरकवायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, विशेषतः इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. आणि दर दोन तासांनी उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत एक चक्कर मारा. बसून पाय सुजतात तेवढंच नाही, रक्ताची गुठळी होण्याचाही धोका असतो.

१३. पुण्याहून निघालो तर घर ते घर एकूण किती तास?

थेट विमान धरून साधारण सव्वीस-सत्तावीस. पुणे ते विमानतळ चार तास, कारण लोणावळ्याच्या घाटात शनिवार-रविवारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. विमानतळावर चार, विमानात सोळा, तिकडे इमिग्रेशन आणि सामान दीड तास, पुढे गाडी. कोल्हापूर-सोलापूरकरांनी आणखी चार-पाच तास धरावेत. जमलं तर आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे या.

१४. संकष्टीच्या दिवशी प्रवास आहे. चंद्रोदय कुठला धरायचा?

हा प्रश्न मला तीनदा आलाय, तोही अगदी काळजीच्या सुरात. वद्य चतुर्थीचा चंद्र रात्री नऊच्या मागेपुढे उगवतो. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर तो तुमच्या घरीच किंवा विमानतळाच्या वाटेवर उगवलेला असतो. मोदक खाऊन निघा.

तिकडे पोचल्यावर मात्र मुंबईचं पंचांग चालत नाही. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी सुरू होते आणि संपते, पण चंद्रोदय आणि सूर्योदय त्या त्या गावचे. त्यामुळे न्यूयॉर्कची संकष्टी कधी आपल्याच तारखेला, कधी एक दिवस आधी येते. तिथल्या वेळांचं पंचांग वापरा.

१५. या प्रवासात वाररेषा ओलांडतो का?

नाही. ती प्रशांत महासागरात आहे आणि न्यूयॉर्कची वाट अटलांटिकवरून. सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्यांनी मात्र विचारावं. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान २०१६ मध्ये पूर्वेकडून, प्रशांतवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, पण वारा पाठीवर आल्याने वेळ घटला. प्रश्न ३ चं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१६. वाढदिवसाच्या दिवशी प्रवास केला तर तो दिवस किती तासांचा होतो?

पश्चिमेला जाताना हिवाळ्यात साडेचौतीस, उन्हाळ्यात साडेतेहतीस. येताना तेवढाच कापला जातो: साडेतेरा किंवा साडेचौदा तास, त्यातला बराचसा विमानतळाच्या रांगेत. ज्यांना केक खायचा आहे त्यांनी जातानाचं तिकीट त्या तारखेला काढावं.

१७. पोचल्याचा फोन कधी येईल? आम्ही जागत बसतो.

रात्री १ चं विमान असेल तर त्याच तारखेला संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. विमान पाचला टेकलं तरी इमिग्रेशनच्या रांगेत फोन वापरू देत नाहीत आणि आईबाबांचं सिमकार्ड तिकडे चालू झालेलं नसतं. विमानाचा नंबर लिहून ठेवा. कंपनीच्या अॅपवर विमान उतरल्याचं लगेच दिसतं. तोवर निवांत झोपा, चहा घ्या, दुपारचं जेवण करा. ते अजून ग्रीनलँडच्या आसपासच आहेत.